दापोऱ्याच्या नृसिंहाची राख

मी एक जुना मुखवटा आहे. लाकडाचा, नृसिंहाचा, दापोऱ्याच्या उखर्डूच्या घरचा. सध्या मुक्काम इंदूरला, वैजयंतीबाईंच्या दिवाणखान्यात, काचेच्या पेटीत. मित्रांनो, मी जळालो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

उखर्डूच्या आजोबांनी मला पांगाऱ्याच्या लाकडात कोरलं. दरवर्षी चैत्रात गावात सोंगं निघत. त्याआधी मला तांबड्या रंगाचा नवा हात मिळे, आणि घरातला कर्ता पुरुष मला तोंडाला बांधून नाचे. आत घामाने जीव नकोसा होई. पण बाया तान्ही लेकरं माझ्या पुढ्यात ठेवत, तेव्हा फार बरं वाटे.

गेल्या दिवाळीनंतर निरंजनसाहेब गावात आले. ते बुऱ्हाणपूरच्या एका खासगी संग्रहालयाचे क्युरेटर. प्रदर्शनासाठी त्यांनी मला दोन महिन्यांकरता मागितलं आणि तसं शिक्क्याचं पत्र दिलं. देव शहरात जाणार म्हणून उखर्डूला कोण आनंद! आशाबाईने दाराला लावून उरलेला तांबडा ऑइलपेंट काढून दिला आणि नवऱ्याने तो मला मनापासून चोपडला.

मला पोचवताना तो म्हणाला, "साहेब, याले पानी नका लागू देजा. अन् चैताच्या आंधी परत पायजे. याच्याबिगर सोंग नाई निघत."

"अरे, चिंता मत करो. घरी आणून देतो," साहेब म्हणाले.

त्याची पाठ वळताच ते माझ्याकडे बघून ओरडले, "गधड्याने वाट लावली!"

मग त्यांनी माझा फोटो तीन संग्राहकांना ई-मेलने पाठवला. लिहिलेलं मोठ्याने वाचायची त्यांना सवय, म्हणून मला सगळं कळे. दोघांनी 'जत्रेतला दिसतो' म्हणून नकार कळवला. वैजयंतीबाईंनी लिहिलं, 'रंग उतरवा. खालचं लाकूड जुनं असेल तर घेते.'

सुरी आणि रसायन आलं. आधी उखर्डूच्या हातचे रंग गेले, मग त्याच्या बापाचे, मग आजोबांचे. प्रत्येक थराचा फोटो इंदूरला जाई आणि उत्तर येई, 'अजून थोडं.' त्यात माझं नाक तुटलं. साहेब घाबरले. बाईंनी कळवलं, 'उत्तम. आता अस्सल वाटतो.'

चैत्र तोंडावर आला तसं साहेबांनी दापोऱ्याला पत्र धाडलं. मुखवट्याला वाळवी लागली, इतर वस्तू वाचवण्यासाठी तो नाइलाजाने जाळावा लागला, क्षमस्व.

मला इंदूरला पोचवायला आले तेव्हा साहेबांच्या खिशात उखर्डूचं उत्तर होतं. त्याच्या लेकीने, निशाने, वहीच्या पानावर लिहिलेलं. साहेबांनी ते बाईंना हसत हसत वाचून दाखवलं.

'साहेब, तुमची काही चूक नाही. रंग मीच घाईत दिला, वाळला नव्हता, म्हणूनच वाळवी लागली असंल. मी डोकं भादरलं. घरात सुतक धरलं. आशा जेवत नाही. एक मेहरबानी करजा, राख पाठवून द्या. तापीत सोडतो.'

"आता राख कुठून आणू?" साहेब म्हणाले.

"देवघरात उदबत्त्यांची आहे की," बाई म्हणाल्या.

साहेबांनी ती पाकिटात भरली आणि वर संग्रहालयाचा शिक्का मारला.

राख सोडतानाचा फोटो उखर्डूने साहेबांना पाठवला, आभार मानून. साहेबांनी तो बाईंना पाठवला. बाईंनी त्याला फ्रेम केली आणि माझ्या शेजारी टांगली. गुडघाभर पाण्यात, तुळतुळीत डोक्याचा उखर्डू, ओंजळीत ती राख. पाहुण्यांना फोटो माझ्यापेक्षाही जास्त आवडतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी शेवटी सांगायला हवं. मला इथे फार जपतात. धूळ नाही, ऊन नाही, वाळवी तर मुळीच नाही. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्यापैकी कुणी दापोऱ्याला गेलं, तर उखर्डूला गाठा आणि एवढंच सांगा, की बाबा रे, तुझ्या रंगाने काही झालं नव्हतं.