प्याल्याचा क्रम

बाबा गेले त्याच्या दोन दिवस आधी, रविवारी सकाळी, मी नेहमीप्रमाणे मनुका उकळल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी गावाबाहेरच्या महारोग्यांच्या आश्रमात येशूच्या स्मरणाचं प्रभुभोजन असे आणि त्यात द्राक्षारसाऐवजी पिण्याचा रस आमच्या घरून जाई. एका पावसाळ्यात मनुका मिळाल्या नाहीत, तेव्हा बाबांनी कोकमाचं आगळ पाण्यात कालवून नेलं होतं. आगळात मीठ असतं हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. पाळकसाहेबांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले, ते बराच वेळ उघडलेच नाहीत. तेव्हापासून आश्रमातली गोदूबाई दर वेळी मला विचारी, "काय गो मास्तरणी, आज रस काय सार?"

त्या रविवारीही तिनं विचारलं.

आश्रमात प्याला एकच. पूर्वी पाळकसाहेबांनंतर तो आम्ही निरोगी माणसं घेत असू आणि रोग्यांकडे शेवटी जाई. त्रेचाळीस साली बाबांनी याला हरकत घेतली. बाबा उपदेशक होते; शुभवर्तमानाच्या पुस्तिका घेऊन बाजार हिंडत. ते म्हणाले, "प्रभूच्या मेजावर ह्यांनाच उरलंसुरलं का?"

"मग शेवटी तुम्ही घ्याल का, भागोजी?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"घेऊ. मी आणि माझ्या घरचे."

घरच्यांना त्यांनी विचारलं नव्हतं. आई तिथल्या तिथे म्हणाली, "मला जमायचं नाही. मला भीती वाटते." बाबा नुसतं "बरं" म्हणाले. पुढे आई वारली तोवर त्यांनी तिला त्यावरून एक शब्द ऐकवला नाही. ती मागच्या बाकावर बसे आणि गोदूबाईसाठी घरून लोणचं आणी.

मी एकोणीस वर्षांची होते. आईची मला लाज वाटली. मी उठून बाबांच्या शेजारी जाऊन बसले. प्याला सगळ्यांकडून फिरत गोदूबाईकडे आला. बोटं झडलेल्या दोन्ही पंजांत तो धरून ती प्यायली आणि तिनं तो मला दिला. कड ओली होती. मी प्याला ओठांना लावला, ओठ घट्ट मिटले, मान मागे केली आणि नुसता आवंढा गिळला. मग तो बाबांना दिला. त्यांनी तळाचा थेंबदेखील ठेवला नाही. शेवटच्या माणसानं प्याला रिकामा करायचा, अशी रीत होती.

पुढच्या रविवारी गावातल्या ख्रिस्तमंदिरात बाबांनी सर्वांसमोर उभं राहून माझ्याबद्दल देवाचे आभार मानले.

त्याच आठवड्यात सांगून टाकलं असतं तर ती नुसती भीती ठरली असती. मी पुढच्या महिन्यावर ढकललं. पुढच्या महिन्यात खरंच प्यायचं, म्हणजे सांगायची गरजच उरणार नाही. आश्रमाच्या डॉक्टरांच्या महारोगावरच्या पुस्तिका मी वाचल्या होत्या. रोग असा पसरत नाही हे मला पाठ होतं. ओठ मात्र उघडत नसत. अकरा वर्षं मी प्रभूच्या मेजावर बसून खोटं गिळत होते, आणि शाळेतल्या मुलींना माझं उदाहरण दिलं जात होतं.

बाबा गेले त्याआधीच्या त्या रविवारी आश्रमातून परत येताना ते चढावर थांबले.

"बाय," ते म्हणाले, "देवाचं राज्य कसं असतं ते मी बाजारात ओरडून सांगतो. लोक पुस्तिकेत पुड्या बांधतात. पण तू गोदूच्या हातून प्याला घेतेस ना, तेव्हा मला ते दिसतं."

"बाबा, मी..."

"काय गो? चप्पल चावते?"

"नाही."

"मग चल. भूक लागली मला."

मंगळवारी ते पुस्तिका घेऊन हातखंब्याला गेले. तिठ्यावर परतीच्या गाडीची वाट बघत बसले असताना तिथेच त्यांचं हृदय बंद पडलं. दफनाला आश्रमातली माणसं चालत आली आणि जुन्या सवयीनं दफनभूमीच्या दगडी गडग्याबाहेर उभी राहिली. मी त्यांना आत बोलवायला हवं होतं. मी मातीकडे बघत राहिले.

डिसेंबरचा पहिला रविवार आला. मी मनुका उकळल्या. उपासनेच्या आधी पाळकसाहेब म्हणाले, "विमलाबाई, आता भागोजींची जागा तुमची. शेवटचा घोट तुम्ही घ्यायचा."

माझ्यानंतर आता कुणी नव्हतं.

प्याला फिरला. गोदूबाईनं तो माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "घे गो बाय. बापूस बघत असंल."

प्याल्यात दोन घोट उरले होते. सगळे माझ्याकडे बघत होते. प्रेमानं बघत होते, म्हणूनच मला हलता येईना. प्याला ओठांपर्यंत नेला आणि ओठ आपोआप मिटले. मग मी तो खाली घेतला.

"गोदूबाई," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला. "तुझ्यानंतर मी एकदाही प्यायले नाही. अकरा वर्षं ओठ मिटून नुसतं नाटक केलं. बाबांना हे मी सांगितलं नाही. मला तुमची भीती वाटत होती. अजून वाटते."