मॉडेल क्रमांक तीन

अर्जातले सगळे रकाने भरून झाले आणि एका रकान्यापाशी येऊन फरहीनची बोटं थांबली. ‘मॉडेलचे नाव व क्रमांक.’

‘अब्बा, इथं काय लिवू?’

इब्राहीम मिस्त्री वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून उभा होता. वऱ्हाडातल्या मालेगावात, वाशीम रोडला त्याचं पत्र्याचं वर्कशॉप. तीस वर्षं दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करता करता, उरल्यासुरल्या वेळात त्याने सोयाबीन मळायचं स्वतःचं थ्रेशर घडवलं होतं. आता ते सरकारी तपासणीला जायचं होतं. अर्जात एकदा पडलेलं नाव मग जन्मभराचं.

त्याच्या मुलाला, शादाबला, प्रश्नच पडला नव्हता. ‘ईगल ५०००’ टाका, म्हणाला. आकडा मोठा तेवढा माल दमदार वाटतो. फरहीन हसली. ती दक्षिणेकडे एका हेलिकॉप्टरच्या कारखान्यात सुटे भाग तपासायच्या कामावर होती, ईदला घरी आलेली. असं त्या धंद्यातही चालतं, तिने सांगितलं. कोणी पाखराचं नाव देतं, कोणी वाऱ्याचं. कोणाच्या आकड्यावरून इंजिन एक की दोन ते कळतं. कुठे विक्रीवालेच कानाला बरा लागेल तो आकडा उचलतात. पण काहींची जुनी रीत वेगळी. नकाशा कागदावर उतरला की त्याला पुढचा आकडा मिळतो. मग ते हेलिकॉप्टर जमिनीवरून उठो, न उठो, उठून पडो. आकडा त्याचाच, दुसऱ्याला देत नाहीत. म्हणून त्यांच्या यादीत मधले आकडे गळलेले दिसतात.

‘म्हंजे जे पडलं, तेबी मोजतेत,’ इब्राहीम म्हणाला. मग बराच वेळ पान्ह्याशी चाळा करत राहिला. ‘तीन लिव.’

पहिलं थ्रेशर दाणा फोडायचं. ते भंगारात गेलं, हे सांगायला हरकत नव्हती. दुसऱ्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. त्याचं पीक सारायचं तोंड आखूड झालं होतं, हात थेट आतल्या फिरत्या दात्यांपर्यंत पोचायचा. केनवडच्या जानरावाने पहिल्याच हंगामात त्यात सोयाबीन सारलं आणि उजव्या हाताची तीन बोटं आत गेली. त्याला अकरा वर्षं झाली. तिसऱ्याचं तोंड इब्राहीमने दीड हात लांब केलं, पण केनवडची वाट काही पुन्हा धरली नाही.

‘तपासणीवाला इचारन, दोन कुठं हाये? काय सांगसान?’ शादाब म्हणाला. ‘एक लिवा ना. कोनाले मालूम पडते?’

इब्राहीमने रकाना कोरा ठेवायला सांगितला आणि मोटारसायकल काढली.

जानराव अंगणात खाटेवर बसला होता. त्याने पाहिलं, ओळखलं आणि सरकून जागा केली. त्याच्या बायकोने, प्रयागबाईने, पाणी आणून ठेवलं. इब्राहीमने हेलिकॉप्टरपासून सुरुवात केली, कारण बोटांपासून करवत नव्हती. जानरावाने पाखरं, वारे, इंजिनं, गळलेले आकडे, नव्या थ्रेशरचा तीन, सगळं ऐकून घेतलं.

‘आन् तुह्या पोराचं काय म्हननं हाये?’

‘एक. नाईतर पाच हजार.’

‘मंग माही बोटं कोन्या मशिनीनं खाल्ली, मिस्त्री? एक नंबर तर आता निघून राह्यलं.’

इब्राहीमची मान खाली गेली. ‘म्हून तर आलो, भाऊ. तुमी नाई म्हनसान तर दोनचं नाव काढत नाई. लोकं मंग तुमच्यापर्यंत येतीन, इचारतीन.’

‘येऊ दे. तसंबी लोकं माही बोटं मोजतेतच.’ जानराव उठला. ‘अकरा वर्सं लावले बावा तू हे इचाराले. चाल.’

गोठ्यामागे ते उभं होतं. इब्राहीमला वाटत होतं, केव्हाच मोडीत गेलं असेल. प्रयागबाई कितीदा म्हणाली होती, विकून टाका. पण विकलं तर कोणीतरी पुन्हा चालवेल, म्हणून जानरावाने विकलं नव्हतं. तोंडावर पत्रा ठोकला होता. वर फडक्यावर मुगवड्या वाळत होत्या.

‘याच्यावर काईच लिवलं नाई तू,’ जानराव म्हणाला. ‘आता लिव.’

रंग नव्हता, ब्रश नव्हता. जानरावाने बंडीच्या खिशातून चुन्याची डबी काढली, अंगठा आणि उरलेल्या बोटात धरली, डाव्या हाताने उघडून पुढे केली. इब्राहीमने बोटावर चुना घेतला आणि गंजलेल्या पत्र्यावर सावकाश दोन काढला. ओला होता तोवर आकडा धड दिसेना. वाळत गेला तसा पांढरा होत गेला. तोवर दोघंही तिथेच उभे होते.