आत्याच्या नावाची साडी

मी साडी बोलतेय. हिरवी, बारीक जरीच्या काठाची. चार वर्षं झाली मला घेऊन. लग्नकार्यासाठी घेतलं नाही, सणासाठीही नाही. ढोकीच्या दगडाबाईच्या मरणासाठी घेतलं, आणि दगडाबाई काही मरेना. त्या बिचारीवर माझा राग नाही. तिच्या मरणाचा मुहूर्त काढत बसलेल्यांवर आहे, आणि तो मी आज बोलून दाखवणार आहे.

सुरतेत विणले गेले आणि तुळजापूरच्या एका दुकानात आले. माझ्या गठ्ठ्यातल्या बहिणी रोज देवीच्या ओटीला जात होत्या. आज ना उद्या माझाही नंबर लागेल म्हणून मी वाट बघत होते. तेवढ्यात जळकोटचा उत्तरेश्वर आला. शाळेत क्लार्क आहे, बायको वर्षाराणी सोबत होती. ढोकीहून फोन आला होता की आत्याचं काही खरं नाही. सवाष्ण बाई गेली की शेवटची साडी माहेरची लागते, आणि दगडाबाईच्या माहेरात एवढा एक भाचा उरलेला. दुकानदारानं कशाला हवी विचारलं, तर हा म्हणाला, "म्हातारीवर टाकायची हाय. लई भारी नगं."

माझी किंमत तिथंच झाली.

ढोकीला पोचलो तेव्हा दगडाबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. दोन दिवस पोटात पाणी नव्हतं. तिच्या मुलानं, रामहरीनं, कानाशी वाकून सांगितलं की जळकोटचं माणूस आलंय. म्हातारीनं डोळे उघडले, भाच्याकडं बघितलं आणि विचारलं, "जेवलास का?" संध्याकाळी ती भिंतीला टेकून बसली. तिसऱ्या दिवशी दुधात भाकरी कुस्करून खाल्ली. मी पिशवीतल्या पिशवीत जळकोटला परत आले.

उत्तरेश्वरनं मला टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवलं. "असू द्या, लागंलच," म्हणाला.

त्या फळीवरून मला या माणसाचा नाद कळला. दर नव्या वर्षाला तो आणि त्याचे तीन-चार दोस्त मोबाईलवर यादी करतात, यंदा कोण जाणार याची. एक नव्वदीचा नट, दोन माजी मंत्री, एक म्हातारी गायिका, एक महाराज. ज्याचा अंदाज खरा ठरेल त्याला बाकीच्यांनी हायवेवरच्या हॉटेलात भजी खाऊ घालायची. माणूस गेला की हे आधी भजीचं तेल तापवायला सांगणार आणि मग हात जोडलेलं चित्र टाकणार. एकदा तर उत्तरेश्वरनं घाईघाईत त्या नटाला श्रद्धांजली वाहून टाकली. दुसऱ्या दिवशी नट टीव्हीवर केक कापत होता. लाज वाटावी की नाही? हा म्हणाला, "चुकलं न्हाय, जरा आधी झालं." कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही हे खरं, पण म्हणून कावळ्यांनी यादी करावी काय?

आणि त्या यादीत पहिलं नाव कुणाचं, तर आत्याचं. वर्षाराणीनं एकदा हटकलं. त्यावर तो म्हणाला, वय झालंय, यात वाईट काय. पिकलं पान गळायचंच.

पुढं आणखी दोनदा फोन आला. दोन्ही वेळेला मला पिशवीत घातलं, तुळजापूर, धाराशिव करत एसटीनं ढोकीला नेलं, आणि दोन्ही वेळेला भाच्याचं तोंड बघून म्हातारी उठून बसली. येताना गाडीत उत्तरेश्वर करवादायचा, आत्या दरवेळी फसवते, रजा वाया जाते. मूर्खाला कळत नव्हतं. पंचमीला हा गेला नाही, दिवाळीला गेला नाही, रामहरीच्या पोरीच्या लग्नातही तोंड दाखवून परतला. म्हातारीला माहेर दिसायचं ते मरायला टेकल्यावरच. पाहिलं की तिला जगावंसं वाटायचं. मला निर्जीव कापडाला हे उमगलं, आणि हा शाळेत नोकरी करतो.

चौथ्या खेपेला घात झाला. उत्तरेश्वर ओसरीवर मामांशी, म्हणजे आत्याच्या मालकांशी बोलत बसला होता. पिशवी खाटेखाली होती. माहेरच्या पिशवीत काहीतरी खाऊ असणारच, म्हणून म्हातारीनं हात घातला आणि मी तिच्या मांडीवर आले. किती हरखली ती! मला गालाला लावलं. मग खालचा काठ बोटांनी चाचपला, आणि तिचा हात थांबला. गल्लीतल्या कितीतरी बायांना शेवटची साडी तिनंच नेसवली होती. तिला सांगायला कोण लागत होतं?

उत्तरेश्वर आत आला तो दारातच थबकला.

"फॉल न्हाय लावलेला," म्हातारी म्हणाली.

"गडबडीत राहिलं, आत्या."

"मड्याला लागत न्हाय फॉल. मला लागतो. लावून आण."

आवाज चढला नाही, की डोळ्यांत पाणी नाही. मला घडी घालून तिनं त्याच्या हातात दिलं. त्या क्षणी मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. चूक माझी नव्हती, तरी झालं.

वर्षाराणीनं आठ दिवसांत फॉल लावून आणला. मी नेसण्याजोगी झाले आणि पुन्हा फळीवर गेले. एक महिना गेला, दोन गेले. ती आठवण करून द्यायची, हा म्हणायचा, "फोन आला की नेऊच की." नवं वर्ष लागलं, नवी यादी झाली, पहिलं नाव तेच. वर्षाराणीनं ते वाचलं. सकाळी मला पिशवीत घातलं आणि एकटीच पहिल्या एसटीत बसली.

ढोकीत तिला पिशवीसकट बघून शेजारच्या दोघी पदर तोंडाला लावूनच मागं आल्या. दगडाबाई पायरीवर शेंगा फोडत होती. तिनंही दचकून विचारलं, "रामहरीनं फोन केला व्हता का? मला तर काय झालं न्हाय."

"न्हाय, आत्या. कुणी फोन केला न्हाय."

"मग कशाला आलीस, बाय?"

"उगंच," वर्षाराणी म्हणाली. "उगंच आले."

चार वेळा मरणाच्या दारातून परतताना न रडलेली ती म्हातारी सुपातल्या शेंगांवर ओणवी होऊन रडली. मागून आलेल्या दोघींना वाटलं, घरात नक्की कुणीतरी गेलं.

मी आता ढोकीतच असते. माझ्यावर कालवणाचा डाग आहे, काठ जरा उसवलाय, अंगणातल्या दोरीवर वाळत असते. लोकहो, कोण कधी जाणार ते खुशाल सांगत बसा. फक्त त्या माणसाकडं तुम्ही शेवटचं उगंच कधी गेला होता, तेवढं आधी सांगा.