पुसलेलं बोट

शाळेची लायब्ररी सांभाळणाऱ्या बाईंना मुलं पुस्तकबाई म्हणत. वर्षभरापूर्वी कुणी त्यांना म्हणालं असतं की तुम्ही एका पोरीला रोज सुई टोचणार आहात, तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. रक्त नुसतं दिसलं तरी त्यांना घेरी यायची. पण शाळेची सिस्टर एक आणि तिच्या गळ्यात शाळा चार. इथे ती आठवड्यातून एकदाच फिरकायची. बाकीच्या दिवशी कुणीतरी करायलाच हवं, असं हेडसर स्टाफरूममध्ये म्हणाले, तेव्हा प्रत्येकाला आपापल्या चहाच्या कपात एकदम काहीतरी दिसायला लागलं. पुस्तकबाईंचा कप तेवढा रिकामा होता.

पोरीचं लाडाचं नाव चिमी. वय आठ, आणि एवढ्याशा जिवाला मधुमेह. जेवणाआधी तिच्या बोटातून थेंब काढून मशीनवर साखर बघायची आणि आकड्याप्रमाणे पेनासारख्या सुईनं पोटावर इन्शुलिन द्यायचं, एवढं काम. सिस्टरनं महिनाभर मुद्दाम येऊन समोर बसवून शिकवलं.

"डोकं लढवायचं नाही," ती बजावायची. "सांगितलंय तेवढंच करायचं, आणि त्याच क्रमानं. आकडा तीनशेच्या वर गेला तर सुई हातात घ्यायच्या आधी मला फोन."

पहिली पायरी होती पोरीचे हात साबणानं धुणं. ती इतकी सोपी होती की तिची भीती कुणालाच वाटली नाही. बाईंकडे जेवढी म्हणून भीती होती, ती सगळी सुईवर खर्च व्हायची.

त्या दिवशी शाळेची टाकी धुवायला काढली होती. चिमीला जिथे टोचायचं त्या आजारी मुलांच्या खोलीतला नळ कोरडा ठणठणीत. पाण्याचं पिंप कॉरिडॉरच्या पार दुसऱ्या टोकाला, मधली सुट्टी सुरू झालेली, आणि पुस्तकांसाठी लायब्ररीच्या दाराशी पोरांचा गलका. बाईंनी चिमीचं बोट स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. दवाखान्यात तरी दुसरं काय करतात, असं स्वतःला समजावलं. म्हणजे नको तेच केलं, डोकं लढवलं.

मशीनवर आकडा आला तीनशे बेचाळीस. एवढा आकडा त्यांनी कधी बघितलाच नव्हता. त्यांनी घाईघाईनं फोन लावला.

"एवढी साखर?" सिस्टर म्हणाली. "काही खाल्लंय का तिनं?"

चिमीनं जोरात मान हलवली. "नाही म्हणतेय," बाई म्हणाल्या.

"हात धुतले होते?"

बाईंनी कोरड्या नळाकडे बघितलं. नाही म्हणावं, तर महिनाभराचं शिकवणं पालथ्या घड्यावर पाणी ठरणार. एवढंही जमत नाही या बाईला, असं सिस्टरला वाटणार.

"हो," त्या म्हणाल्या.

"मग पाच युनिट द्या. आणि लगेच डबा खायला बसवा."

एरवी दोन द्यायचे. बाईंनी पाच दिले. हात जराही थरथरला नाही, याचं त्यांना तेवढ्यातल्या तेवढ्यात कौतुकही वाटलं.

चिमीनं डबा उघडला आणि स्वतःचीच बोटं हुंगली. "बाई, वास घ्या ना! आम्हाला वर्गात संत्री दिली होती. सगळ्यांची मीच सोलून दिली. मी खाल्लं नाही हं, एक फोडसुद्धा नाही."

बाईंनी तिचा हात नाकाशी नेला. बोटं अजून चिकट होती. मशीननं मोजली ती पोरीच्या रक्तातली साखर नव्हतीच, स्पिरिटनंही न निघालेला, बोटाला लागलेला संत्र्याचा रस मोजला होता. आणि इन्शुलिन तर पोटात गेलेलं. ते आता कोण परत काढणार?

त्या धावत सुटल्या. पिंपावरून तांब्या भरून आणला, साबण लावला, हात खसाखसा धुतले, दुसऱ्या बोटाला टोचलं. अठ्ठ्याहत्तर.

डबा खाऊ दे, कदाचित काही होणारही नाही, कुणाला कशाला सांगायचं? हा विचार त्यांच्या मनात आला, अगदी स्पष्ट आला. मग त्यांनी चिमीच्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा फोन लावला.

"सिस्टर, मी खोटं बोलले. हात धुतले नव्हते, नुसतं बोट पुसलं होतं."

"ग्लुकोजचं पाणी पाजा," सिस्टर म्हणाली. "मग डबा. तपासत राहा. अँब्युलन्स मी बोलावते. तिला सोडून कुठेही जाऊ नका."

मग सुरू झालं ते वाट बघणं. वैऱ्यावरही असली वेळ येऊ नये. पुढचा आकडा सहासष्ट, त्याच्या पुढचा अठ्ठावन्न. बडबडी चिमी गप्प झाली. कपाळावर घाम, ओठ पांढरे. "मला नको ते पाणी," म्हणून तिनं पेला ढकलला. "पी गं माझी राणी, एक घोट," बाई विनवत होत्या, आणि एका हातानं तिचा हात घट्ट धरून बसल्या होत्या. सोडला तर ही जाईल, असं त्यांना खरोखर वाटत होतं. तिचे डोळे मिटायला लागले की त्या तिला हलवून जागं करायच्या.

अँब्युलन्स आली तेव्हा आकडा नुकता वर सरकला होता. मागोमाग सिस्टर धापा टाकत आली. "चढतेय," अँब्युलन्समधला माणूस म्हणाला, "पण इन्शुलिनचा जोर ओसरेपर्यंत हॉस्पिटलात ठेवावं लागेल." तेवढ्यात हेडसर चिमीच्या आईला घेऊन आले. तिच्या गळ्यात ऑफिसचा बिल्ला तसाच होता.

"आई, रागावू नको," चिमी पुटपुटली. "मी हात धुतले नाहीत."

भीतीनं अर्धमेल्या झालेल्या आईच्या तोंडून रागच बाहेर पडला. "शंभरदा सांगितलंय तुला! जिवाशी खेळ आहे हा, कळत नाही?" चिमीची हनुवटी थरथरायला लागली.

"लहान आहे हो, विसरली असेल," हेडसर म्हणाले. त्यांना अजून काहीच ठाऊक नव्हतं. सिस्टरनं पुस्तकबाईंकडे बघितलं.

बाईंनी फक्त गप्प बसायचं होतं. नोकरी राहिली असती, अब्रूही राहिली असती. आकडा उतरत असताना वाटली नव्हती अशी एक वेगळीच भीती त्यांना आता वाटत होती.

"ती नाही," त्या म्हणाल्या. "तिची काही चूक नाही. मी तिचे हात धुतलेच नाहीत. आणि सिस्टरनी विचारलं तेव्हा धुतले म्हणून सांगितलं."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. आता शिव्या घालेल, हात उगारेल, असं बाईंना वाटलं. तसं झालं तर बरं, असंही वाटलं. चिमीचा हात अजून बाईंच्या मुठीत होता. आई नुसती खाली वाकली आणि बाईंचं एकेक बोट सोडवून तिनं तो हात आपल्याकडे घेतला.