चाखल्याशिवाय कसं कळणार

लातूर नवा जिल्हा झाला तशी गल्लोगल्ली हॉटेलं निघाली, पण दुष्काळानं निम्मी बंद पाडली. उरलेल्यांत लिंगायत धोंडप्पा चांगली तळलेली कोंबडी शोधत फिरत होता. तो जन्मात मांसाला शिवला नव्हता. पोरगा चोरून खातो म्हणून त्यानं त्याला घराबाहेर काढलं होतं. आज त्याच पोराच्या समाधीवर त्याच्या आवडीचं ठेवायचं होतं.

सगळेच हॉटेलवाले आपलीच कोंबडी चांगली म्हणत होते.

"चाखून बघा की," शेवटी एकजण वैतागला.

धोंडप्पानं गळ्यातलं लिंग काढलं, कपाळाला लावलं, उपरण्यात बांधलं आणि घास घेतला.

"लई वातड हाय. माझ्या पोराला न्हाई चालायची."

लिंग तसंच उपरण्यात ठेवून तो पुढच्या हॉटेलाकडं निघाला.