महेश्वरीच्या साडीचा रंग

भरदुपारी खिडक्यांना चादरी लावून अंधार केला होता. अक्कलकोट रोडवरच्या बंद पडलेल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये दोनशे माणसं दाटून बसली होती. भस्मानंद महाराजांनी परातीत पांढरं भस्म टाकलं, वर तीर्थ ओतलं. "महेश्वरी, आलीस का गं?" म्हणत काडी लावली.

ज्वाळा हिरवी उठली.

बायकांमधून हुंदका फुटला. महेश्वरी दोन वर्षांपूर्वी अहेवपणी, नवऱ्याच्या आधी गेली. हिरव्या साडीत, हिरव्या चुड्यात तिला नेलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. तिची सात वर्षांची सिद्धेश्वरी परातीकडे बघत पुटपुटली, "आई."

"पोरीला फिट येत न्हाय, आई बिलगते तिला," महाराज गरजले. "गोळ्या देऊन आईलाच हाकलता?"

बाप सोमशेखरनं मान खाली घातली. सावत्र आई नागम्मा म्हणाली, "तुमच्या सांगण्यावरनं चार दिवस गोळी बंद हाय. काल दोनदा पडली की पोरगी."

"सवतीची लेक कुणाला पायजे!" मागून टोमणा आला.

तेवढ्यात भवानी पेठेतले रसायनांचे व्यापारी ईश्वरप्पा उठले. "महाराज, आमच्या मथुराबाईला बी बोलवा की."

भस्म, तीर्थ, काडी. ज्वाळा हिरवीगार.

"आली! लई तळमळतोय आत्मा!"

"तळमळंल न्हाय तर काय!" बायकांतून ईश्वरप्पांच्या पत्नी मथुराबाई कडाडल्या. "अवो, जित्तेपणीच पोचवलंत व्हय मला?"

शेड हसली. ईश्वरप्पांनी भस्म चिमटीत धरलं. "ही बोरिक पावडर. कॅरमवर टाकतात ती. महाराजांचा माणूस दर महिन्याला माझ्याकडनं पोतं नेतो. मला वाटलं, ह्यांच्या मठात कॅरम जोरात हाय. तीर्थ म्हंजे स्पिरिट. दोन्ही पेटवलं की पावडरीतल्या बोरॉनमुळं ज्वाळा हिरवी. नाव कुणाचंबी घ्या."

"काशीच्या स्मशानातलं भस्म हाय ते!" महाराज ओरडले.

"काशी? बोरॉनचा जगातला बहुतेक साठा तुर्कस्तानात. आपल्याकडं लडाखात थोडा, त्योबी अजून जमिनीतच, काढलेला न्हाय. खनिज जहाजानं येतं, महाराज. स्मशानातनं न्हाय."

चादरी निघाल्या. उजेडात महाराज मागच्या दारानं गेले, लोकही पांगले. सिद्धेश्वरी मात्र उठेना.

"अजून एकदा पेटवा की," ती ईश्वरप्पांना म्हणाली.

नागम्मा तिच्याजवळ बसली. "ती आई न्हवती, बाळ. आई गेली." तिनं गोळी पुढं केली. सोमशेखरनं पाणी आणलं. पोरीनं गोळी गिळली, पण नजर परातीवरून हलवली नाही.

गेलेल्या माणसाची ओढ लागणं ही अंधश्रद्धा नव्हे. त्या ओढीचा कुणी खेळ मांडला, तर पडदे काढून बघा, विचारा, तपासा. आणि फिटची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नका.