टाकी ते टाकी

माझी गाडी खादाड नाही. हे आधी सांगतो, कारण आमच्याकडं पाच महिने लोक दुसरंच बोलत होते.

गाडी म्हणजे सहा चाकी ट्रक. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. शेवटी माझी बायको वनिता आणि तिचा भाऊ शहादेव यांनी ठरवलं की आता स्वतःची घ्यायची. अर्धा वाटा आमचा, अर्धा शहादेवचा. रंग वनितानं निवडला. मला पांढरी हवी होती. ती म्हणाली, "पांढरी म्हंजी दवाखान्याची गाडी वाटती," आणि निळी घेतली. नेकनूरला आमच्या दारात गाडी उभी राहिली त्या दिवशी ती एकदाच वर चढली. शेजारच्या सीटवर बसली, खिडकीची काच दोनदा वरखाली केली आणि भाजी करपेल म्हणून उतरली.

त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्याच्या जीपमधून तिला बीडला नेत होतो. मांजरसुंब्याच्या घाटात, तिसऱ्या वळणावर, ती गेली. डोकं माझ्या मांडीवर होतं. वय बेचाळीस.

ते नऊ दिवस लोकांनी मोजले. मी मोजले नव्हते. पुण्यानुमोदनाच्या दिवशी माझ्या सासूबाई, जाईबाई, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "गाडीनं खाल्ली माझी लेक." भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, भन्तेजी समोर बसलेले, आणि त्या घरात हे बोलणं. मी म्हणालो, "कुणी खाल्लं न्हाई. हृदय बंद पडलं." कोणी ऐकलं नाही. लेक गेलेल्या बाईचं बोलणं म्हणून मीही सोडून दिलं असतं. पण पुढं गाडी खरंच डिझेल जास्त प्यायला लागली आणि त्या बोलण्याला जोर आला.

शोरूमवाल्यानं सांगितलं होतं, लिटरला पाच-साडेपाच किलोमीटर देईल. माझी सव्वाचार देत होती. मी सगळ्यांना सांगायचो, इंजिन नवीन आहे. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा घासून घासून जागेवर बसायला वेळ लागतो. तोवर गाडी जास्त पिते, मग मोकळी होते आणि ॲव्हरेज वाढतं. हे मी तीन हजार किलोमीटरला सांगितलं, सहा हजाराला सांगितलं आणि नऊ हजारालाही सांगितलं.

शहादेव आईसोबत युसूफ वडगावला राहतो. महिन्यातून दोनदा यायचा आणि आधी मीटर बघायचा.

"दाजी, किती दिवस नवी नवी म्हणणार? नवरी पण सा महिन्यात जुनी होती."

"तुझी झाली असंल."

मागच्या महिन्यात तो आला तो चहाही न घेता बोलला. "आई म्हणती इकून टाका. केजचा अमरसिंह घ्यायला तयार हाय. रविवारी बघायला येतोय."

"मला इचारलं का?"

"अर्धा वाटा माझा हाय, दाजी."

"कोणता अर्धा? पुढचा का मागचा?"

"मस्करी नका करू. तिनं आधी ताईला खाल्लं, आता डिझेल खाती. अजून कुणाला खायची वाट बघता?"

त्याला मी मारलं असतं. पण त्याचं तोंड थेट वनितासारखं आहे. मी म्हणालो, "शनिवारी ये. मांजरसुंब्याच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची. रिकामी गाडी जालन्याला न्यायची, तिथून नऊ टन सळई घिऊन परत त्याच पंपावर. तिथं परत गळ्यापर्यंत. तू शेजारी बस. पाचच्या वर अवरेज आलं तर इकायचं नाव काढायचं न्हाई."

"आन् न्हाई आलं तर?"

"तर तितंच चावी घे. रविवारची बी वाट बघू नको."

बोलून गेलो. तो गेल्यावर लक्षात आलं की जालना म्हणजे घाट आला. पाच महिन्यांत मी त्या घाटात गाडी घातली नव्हती. घाटाच्या वरच्या बाजूलाच फिरत होतो. कळंब, बार्शी, लातूर. मालही हलका घ्यायचो, रिकामं बारदान नाहीतर प्लास्टिकचे पाईप. चाळीसच्या वर पळवायचो नाही. वनिताच्या पसंतीची गाडी म्हणून जपत होतो.

दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्याला अभिमन्यू मिस्त्रीकडं गेलो. आम्ही दोघं एकाच गॅरेजात हेल्पर होतो, त्यामुळं तो मला काहीही बोलतो. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. केबिनमध्ये बसला आणि मीटरचं बटण दाबत राहिला.

"किलोमीटर नऊ हजार दोनशे. इंजिन चाललंय चारशे नव्वद तास. बंकट, गाडी चालवतो का बैल हाकतो बे?"

"हळू चालवतो."

"किती बी हळू चालव. येवढ्या किलोमीटरला पावणेतीनशे तास लई झाले. बाकीचे दोनशे तास गाडी कुठं होती?"

मी टायर बघायला लागलो.

"उभी होती," तो म्हणाला. "चालू करून."

मग त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. खाली उतरला, हात पुसले आणि दुसरीकडं तोंड करून बोलला. "नुसतं उभ्यानं चालू ठेवलं तर इंजिन पुरतं तापत न्हाई. रिंगा कशा बसतील? त्याला ओझं लागतं, चढ लागतो. दाब पडला तरच रिंगा बसतात. तू जपत न्हाईस बे हिला, वाया घालायलास. शनिवारपर्यंत भरून चालव. आन् सकाळचं ते बंद कर."

सकाळचं, असं मी त्याला सांगितलं नव्हतं.

चार दिवस मी बार्शीला आणि लातूरला सोयाबीन नेलं, पुरं भरून. सकाळी गाडीकडं गेलो नाही. अंगणात बाजेवर बसून राहिलो. ते चार दिवस कसे काढले ते माझं मला माहीत.

शनिवारी पहाटे पाच वाजता शहादेव पंपावर हजर. टाकी भरली, नळी काढल्यावर फेस खाली बसला तेव्हा पुन्हा थोडं ओतलं. दोघांनी वाकून बघितलं. शेजारी चहा पिणारा एक ड्रायव्हर म्हणाला, "पैज हाय व्हय? मग घाट उतरताना न्यूट्रल मारा, दाजी. दोन लिटर वाचतंय."

"मला अवरेज पायजे, दरी नको," मी म्हणालो.

घाट गिअरमध्येच उतरलो. तिसरं वळण आलं तेव्हा शहादेवनं विचारलं, "हीच जागा का?"

"हीच."

"थांबायचं?"

"न्हाई."

मी थांबलो असतो तर परत गाडी हलवली नसती. हे मला माहीत होतं, म्हणून नाही म्हणालो.

जालन्याला माल भरायला दुपार झाली. मी ऑफिसात कागद घेत होतो, शहादेव गाडीपाशी थांबला होता. परतीला बीड सोडलं आणि घाट समोर आला. नऊ टन सळई मागं. तिसऱ्या गिअरवर इंजिन दबलं, दुसरा टाकला. तेच वळण आता चढावर होतं. गाडी सावकाश पण सरळ ओढत होती, कुठं अडखळली नाही, काळा धूर नाही. इंजिनाचा तसला आवाज मी पाच महिन्यांत ऐकला नव्हता. ऐकणार कुठून, मी तिला कामच दिलं नव्हतं.

संध्याकाळी सहाला पंपावर आलो. त्याच मशीनवर, त्याच फेसापर्यंत भरली. एक्कावन्न लिटर. किलोमीटर दोनशे सत्तर. शहादेवनं मोबाईलवर भागाकार केला, पुसला आणि पुन्हा केला. पाच पूर्णांक एकोणतीस.

मी काही बोलणार तेवढ्यात तोच आनंदानं ओरडला, "लागू पडलं! आई म्हणलीच हुती!"

"काय लागू पडलं?"

"जालन्याला तुमी आत गेलता ना, तवा पुढच्या दोन चाकांखाली लिंबं ठिवली. आईनं उतरून दिलती. बघा, एका दिवसात सव्वाचारची सव्वापाच! आता कशाला इकायची? ठिवा गाडी, दाजी."

मी जिंकलो होतो. गाडी माझ्याकडं राहणार होती. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मग आयुष्यभर ती गाडी लिंबाची झाली असती. आज लिंबानं सुधारली म्हणजे काल ती खरंच खाणारी होती, आणि तिनं वनिताला खरंच खाल्लं होतं. हे मी कबूल करणार नव्हतो. गाडी गेली तरी चालेल.

"उद्या परत जाऊ जालन्याला," मी म्हणालो. "लिंबाशिवाय."

"अवो, जिकला की तुमी!"

"असलं जिकणं नको मला. कमी आलं तर चावी तुझी."

शहादेव चिडला. "मग आधी कावून देत न्हवती? सांगा ना! नऊ हजार किलोमीटर नवी नवी करत बसला. आन् आजच कशी सुधारली?"

पंपावर माणसं होती. तरी मी बोललो, आणि हळू बोललो नाही.

"मी जाळलं डिझेल. रोज सकाळी इंजिन चालू करतो आन् आत बसतो. दीड तास, कधी दोन तास. मीटरात दोनशे तास निघाले. चार-साडेचारशे लिटर उभ्यानं गेलं."

"कावून?"

"घरात आवाज न्हाई म्हणून. तुझी बहीण पहाटं उठली की नळ, भांडी, मोबाईलवर गाणी, आन् मधी मधी मला शिव्या. ती गेल्यापासनं त्या टायमाला घरात बसवत न्हाई. इंजिन चालू असलं की बरं वाटतं. येवढंच हाय. कुणाला खादाड म्हणायचं असंल तर मला म्हण. गाडीला म्हणलास तर बघ."

शहादेवनं खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं.

"मला सांगायचं असतं, दाजी."

"सांगितलं असतं तर तू अजून चार लिंबं आणली असती."

तो हसला आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. मागच्या गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला. मी गाडी पंपाच्या बाजूला घेतली. शहादेव खालीच उभा होता. त्यानं मोबाईल काढला आणि अमरसिंहला लावला. पलीकडचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"उद्या येऊ नगा," शहादेव म्हणाला. "गाडी इकायची न्हाई."

"कावून बे? खादाड हाय, लवकर न्या, तूच म्हणलतास ना?"

शहादेवनं एकदा माझ्याकडं बघितलं. "गाडी चांगली हाय. आमचं माणूस गेलं, म्हणून आमी गाडीला बोललो."

फोन बंद झाला. मी खिडकीतून वाकून म्हणालो, "सळई केजला उतरायची हाय. तितनं वडगाव पुढंच हाय. आता जे बोललास ते तुझ्या आईसमोर बोल."

"आजच?"

"आजच. तू न्हाई बोललास तर मी बोलतो, आन् माझं बोलणं तिला झेपणार न्हाई."

तो वळसा घालून आला, दार उघडलं आणि वर चढला. मी गिअर टाकला.